न मोजलेल्या पंधरा चुळा

“ड्राय सॉकेट आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अक्कलदाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याखाली जखम भरत जाते. ती गुठळी निघून गेली की हाड उघडं पडतं. त्याला हे नाव.

माझी बायको शमीम ओढणी गालाला दाबून बसली होती. दाढ काढल्याला चौथा दिवस. ठणका कानापर्यंत. नऊ दिवसांनी आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला कळमनुरीला येणार होती आणि हिला घोटभर चहा जात नव्हता.

मी खिशातला कागद काढला. दाढ सोमवारी अकराला काढली. गोळ्या वेळेवर. बर्फ दहा-दहा मिनिटं. जेवण गार आणि मऊ. चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही. सगळ्यांपुढे माझ्या खुणा होत्या.

बाईंनी कागद वाचला आणि विचारलं, “नमाजाचं कसं केलंत?”

“वजू करूनच की,” शमीम म्हणाली.

“म्हणजे चूळ भरलीत.”

“ती चूळ कुठं व्हती मॅडम? तो वजू व्हता.”

नमाजाआधी हात-तोंड-पाय धुतात तो वजू. त्यात तीनदा खळखळून चूळ भरतात. सोमवारी अकरा ते मंगळवारी अकरा, पाच नमाज. पाच त्रिक पंधरा. तिला चक्कर येऊ नये म्हणून तांब्यानं पाणी मीच घालत होतो.

बाई रागावल्या नाहीत. जखम सलाईननं धुतली, औषधाची पट्टी बसवली. आता चूळ चालेल, पण जोरानं नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान कलती करून आपोआप सांडू द्यायचं. ठणका संध्याकाळपर्यंत निम्म्यावर आला. पट्टी एक दिवसाआड तीनदा बदलली.

मी आमच्या मौलानांनाही विचारलं. वजूतली चूळ सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत आहे; फर्ज, म्हणजे सक्तीची नाही. आजारात सोडली तरी वजू होतो, असं त्यांनी सांगितलं. हे दाढ काढायच्या आधी विचारायचं होतं. तुमच्या घरी कोणाची दाढ काढायची असेल, तर तोंडात पाणी कधी-कधी जातं ते सगळं डॉक्टरांना सांगा. सवयीच्या गोष्टी आपल्याला दिसत नाहीत.

नवव्या दिवशी मुलगी आली. मायलेकी एका ताटात जेवल्या. शमीमनं भाकरी डाळीत कुस्करून घेतली, पण दीड भाकरी खाल्ली. मी बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि तेवढंच सांगितलं.