चबुतऱ्यावरचा चेहरा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, नदीतून वर काढलेली प्रेतेही पाहिली. पण कोणी एखादी केस सांगा म्हणाले की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभा राहतो तो एक रिकामा चबुतरा. त्या केसमध्ये रक्ताचा थेंबही सांडला नव्हता. सांडू शकला असता, म्हणूनच ती विसरता येत नाही.

गावाचे किंवा कोणा माणसाचे नाव मी सांगणार नाही. वर्धा जिल्ह्यात, कारंज्याच्या बाजूला, हमरस्त्यापासून थोडे आत असलेले ते गाव. माझ्याकडे त्या हद्दीचे ठाणे होते. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे त्या गावचा पोलीस पाटील होता.

"साहेब, चौकातला पुतळा नाई जागेवर. लोक जमून राह्यले."

पुतळ्याबद्दल फोन आला की कोणताही ठाणेदार आधी उठून उभा राहतो. उपविभागीय अधिकाऱ्यांना कळवले, मुख्यालयाकडे जादा कुमक मागितली आणि निघालो.

पुतळा गावच्या पहिल्या सरपंचांचा होता. नागपूरची राजधानी जाऊन मुंबईची झाली, राज्य नवीन झाले, त्या काळातला हा माणूस. सातवीपर्यंतची शाळा, हमरस्त्याला जोडणारा खडीचा रस्ता, दवाखान्याची खोली, जे काही गावात आले ते त्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आणलेले. ते गेल्यावर गावाने त्यांचा धातूचा अर्धपुतळा चौकात बसवला. त्यांच्या घराण्याचा गावात अजूनही दबदबा होता. त्यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि नेमका आताच पुतळा गायब झाला होता.

पोहोचलो तेव्हा चौक भरला होता, दुकाने बंद होत होती. मी आधी पंच बोलावले आणि पंचनामा सुरू केला. पंचनाम्याचा एक फायदा असा की तो चालू असताना लोक जरा गप्प होतात. पुतळा चार बोल्टांवर बसवलेला होता. बोल्ट तोडलेले नव्हते, पान्याने सोडवलेले होते, आणि नट चबुतऱ्याच्या कडेला एका रांगेत मांडून ठेवलेले होते. आदल्या दिवशीचा हार घडी घालून बाजूला ठेवला होता.

ते पाहून मी थबकलो. विटंबना करणारा हार पायाखाली तुडवतो. भंगारासाठी चोरणाऱ्याला हाराशी देणेघेणे नसते. हे काम ज्याने केले त्याच्या मनात पुतळ्याबद्दल राग नव्हता, एवढे मी तिथेच ठरवले. पण जमावाला असले बारकावे सांगून उपयोग नसतो.

जमावाने आपला आरोपी ठरवून टाकला होता. गावाच्या कडेला वाडी करणारे एक भाजीवाल्याचे घर होते. वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचे आणि आसपासच्या बाजारात नेऊन विकायचे. त्या घरातल्या चाळिशीच्या कर्त्या पुरुषाने मागच्या ग्रामसभेत मागणी केली होती की भाजी विकणाऱ्या बायका चिखलात बसतात, चौकातला चबुतरा थोडा सरकवा आणि तिथे ओटे बांधून द्या. त्यावरून शब्दाला शब्द लागला होता. आता सरपंचांच्या मोठ्या नातवाने फिर्यादीत संशयित म्हणून त्याचेच नाव सांगितले.

मी अज्ञात आरोपीविरुद्ध चोरीचा गुन्हा नोंदवला आणि भाजीवाल्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले. त्याला अटक करा म्हणून माझ्यावर दबाव होता, फोनही येत होते. पुरावा द्या, लगेच करतो, एवढेच उत्तर मी सगळ्यांना दिले. दिवसा तो ठाण्याच्या बाकावर बसे, संध्याकाळी घरी जाई, आणि त्याच्या दारात मी शिपाई ठेवले होते. त्याच्यावर नजर ठेवायला नव्हे, त्याच्या घरावर दगड पडू नयेत म्हणून.

चौकशीत तो आवाज न चढवता बोलला. त्या पहाटे तो आर्वीच्या बाजारासाठी भाजी तोडत होता, बायको आणि शेजारी सोबत होते. मग म्हणाला, "साहेब, मी ओटे मांगतले, पुतळा नाई मांगतला. उलट माह्या बापानं आमाले सांगून ठेवलं होतं, त्या पुतळ्याले कधी हात लावू नका."

मी कारण विचारले.

"काऊन ते मले नाई माहीत. आजा त्या चौकातून कधी जाये नाई. बैलबंडी घेऊन बाजाराले निघाला तरी मांगच्या पांदण रस्त्यानं फेरा मारून जाये. आन् म्हने, पुतळा बसला तवाच त्यानं आपली मिशी काढून टाकली. लोकाइले वाटलं घरी कोनी मेलं."

जबाबात मी ते लिहून घेतले, पण अर्थ लागला नाही. तपासात अशा गोष्टी पुष्कळ येतात. त्या टाकून द्यायच्या नसतात, कारण त्यांची जागा पुढे कुठे लागेल ते सांगता येत नाही.

खबर मिळाली ती हमरस्त्यावरच्या एका ढाब्यावरून. आमचा बीट जमादार तिथे चहा प्यायला थांबायचा. ढाबेवाल्याने त्याला सांगितले की त्या दिवशी उजाडता उजाडता एक छोटा टेम्पो थांबला होता. मागे काहीतरी गोधडीत गुंडाळून दोरीने बांधलेले होते. चालकाशेजारी इस्त्रीचे कपडे घातलेले, चष्मा लावलेले एक गृहस्थ होते. चहा न पिता ते मागे जाऊन दोरी तपासून आले आणि चालकाला म्हणाले, खड्ड्यांतून हळू ने. बाजाराच्या दिवसांत भाजीचे टेम्पो पहाटेच गावोगावी फिरतात, त्यामुळे गावात त्या टेम्पोकडे कोणी वळूनही पाहिले नव्हते.

जमादाराने चालक शोधून काढला. तो कारंज्याचाच होता. त्याने काहीही लपवले नाही, कारण त्याला आपण चोरी केली हे माहीतच नव्हते. टेम्पो भाड्याने घेणाऱ्या त्या गृहस्थांनी पुतळा दुरुस्तीला न्यायचा म्हणून सांगितले, दोघांनी मिळून तो उचलला आणि नागपूरकडच्या एका मूर्तिकाराच्या कारखान्यात उतरवला. ते गृहस्थ कोण, हे ऐकल्यावर जमादाराने मला दोनदा विचारले, साहेब, स्टेशन डायरीत एवढ्यात लिहू का? मी म्हणालो, लिही.

ते गृहस्थ म्हणजे पहिल्या सरपंचांचा धाकटा नातू. वर्ध्याला नोकरीला असलेला इंजिनिअर. फिर्याद देणारा त्याचा चुलत भाऊ.

मी त्याला ठाण्यात बोलावले. चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव असा की ज्याला लाज आहे त्याच्यापुढे ओरडायची गरज पडत नाही. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि इतकेच म्हणालो की टेम्पोचालकाचा जबाब झाला आहे. खिडकीतून बाहेरचा बाक दिसत होता. त्याची नजर तिकडे गेली. भाजीवाल्याने त्याला ओळखले, उठून रामराम केला आणि परत खाली बसला. त्याला यातले काही माहीत नव्हते.

इंजिनिअरने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यांना आधी घरी जाऊ द्या," तो म्हणाला. "पुतळा मी नेला."

मग त्याने सगळे सांगितले. जन्मशताब्दीसाठी तो आजोबांचे जुने फोटो गोळा करत होता. शाळेच्या उद्घाटनाच्या दिवशी काढलेला एक समूहफोटो त्याला सापडला. तो घेऊन तो आईकडे गेला आणि आजोबा यातले कोणते ते सांग म्हणाला. आईने बोट ठेवले ते एका सडपातळ, बिनमिशीच्या माणसावर. चौकातल्या पुतळ्याचा चेहरा त्याच फोटोत होता, पण कडेला, बंडीच्या जूवर हात ठेवून उभ्या असलेल्या झुबकेदार मिशीच्या माणसाचा. मूर्तिकाराला हाच फोटो दिला होता आणि ओळख सांगण्यात चूक झाली होती. सरपंच त्या आधीच वारले होते, पुतळा बसला तोही काही वर्षांनी. थोडा वेगळा दिसतो, पुतळ्यात असेच येते, असे म्हणून लोकांनी मान्य करून टाकले होते. बंडीजवळ उभा असलेला तो माणूस म्हणजे बाहेर बसलेल्या भाजीवाल्याचा आजा, हेही आईनेच सांगितले होते.

"शताब्दीला मंत्री येणार होते," इंजिनिअर म्हणाला. "कोणाच्या लक्षात आलं तर घराण्याचं हसं होईल, एवढंच डोक्यात होतं. गुपचूप नवा चेहरा करून बसवायचा आणि डागडुजी केली म्हणायचं. परत येतो तर दादानं फिर्याद देऊन टाकलेली. मग माझं तोंडच उघडेना."

भाजीवाल्याला मी तेव्हाच घरी पाठवले आणि खरे कारण लवकरच त्याला सर्वांसमोर कळेल असे सांगितले. कारखान्यात माणूस पाठवून पुतळा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. नशिबाने मूर्तिकाराने त्याला अजून हात लावला नव्हता. गुन्हा उघड झाला होता, पण माझी शंका मिटली नव्हती. त्या आजाने मिशी का काढली, चौक का सोडला? म्हणून मी इंजिनिअरसोबत त्याच्या आईला भेटायला गेलो.

काकू खूप थकल्या होत्या, पण बोलणे स्वच्छ होते. त्यांनी मुलाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि एवढी वर्षे कोणाला न सांगितलेले सांगितले.

पुतळ्यावरचा कपडा ओढला त्या दिवशी त्या नव्या सूनबाई होत्या. सासूबाईंनी चेहरा पाहिला आणि हातातले आरतीचे ताट सुनेकडे दिले. नवऱ्याचा चेहरा त्यांना कळणार नाही असे कसे होईल? पण पाहुणे होते, गाव होते, त्या गप्प राहिल्या. दिवस मावळायच्या आत आताच्या भाजीवाल्याचा आजा मागच्या दाराशी आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून रडायला लागला. बाई, मी काही केलं नाई, माह्यावर बालंट येईल, एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. पुतळा उतरवा म्हणून हात जोडत होता.

"सासूबाई त्याले काय म्हनल्या, ते मी माह्या कानानं आयकलं," काकू म्हणाल्या. "त्या म्हनल्या, भाऊ, यायनं शाळा आनली, पन पोरी कोनाच्या बंडीत बसून शाळेत गेल्या? राहू द्या तुमचा चेहरा. ते असते तं त्यायनंही राहू दिला असता." कोणी दोन्ही चेहरे जुळवू नयेत म्हणून त्याने मिशी काढली आणि चौक सोडला, हे मला तेव्हा कळले.

त्या काळात शाळा झाली तरी नदीपलीकडच्या वस्तीतल्या मुली येत नव्हत्या. रस्ता निर्जन, घरचे पाठवत नसत. पहिले सरपंच घरोघर समजवायला गेले होते, कोणी ऐकले नाही. मग हा आजा रोज सकाळी वाडीतून निघताना नदीपलीकडे फेरा मारू लागला. बंडीत वांग्यांच्या टोपल्यांच्या मधोमध मुली बसवायचा, शाळेच्या दाराशी उतरवायचा आणि मग गुजरीला, म्हणजे भाजीबाजाराला जायचा. संध्याकाळी परत तसेच. मुली त्याला मामा म्हणत. त्यातल्या कोणी नर्स झाल्या, कोणी शिक्षिका.

"मी नदीपलीकडचीच," काकू म्हणाल्या. "माह्या फ्रॉकले सांभाराचा वास ये. मास्तर हसे."

इंजिनिअर आईच्या पायाशी बसला होता. ज्याचा चेहरा आपण पुसायला निघालो होतो त्याने काय केले होते, हे त्याला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. तो फक्त एवढेच म्हणाला की उद्या ग्रामसभेत मी सांगतो.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. बंदोबस्त होताच. चुलत भावांनी आदल्या दिवशी बरीच खटपट केली की हे चार भिंतींच्या आत मिटवा, नवा पुतळा बसवा आणि विषय संपवा. इंजिनिअरने ऐकले नाही. गावासमोर उभा राहून त्याने आपण काय केले ते सांगितले, आणि काकूंनी खुर्चीत बसूनच बंडीची हकिकत सांगितली. समोरच्या म्हाताऱ्यांमध्ये कुजबुज सुरू झाली, कोणी कोणी डोळे पुसू लागले. ते सगळे त्या माणसाला ओळखत होते. त्याचा चेहरा मात्र रोज पाहूनही कोणाला ओळखू आला नव्हता.

इंजिनिअरने भाजीवाल्यासमोर हात जोडले. मला वाटले, आता तो याला पोटाशी धरेल आणि सभा संपेल. तसे झाले नाही. तो दूरच उभा राहिला. "आज्याचं आयकून बरं वाटलं," तो म्हणाला. "पन माह्या पोरीले शाळेत पोरं चोराची पोरगी म्हनत होते. तुमी इथं मोठ्या मानसाइले सांगतलं. तिथं लेकराइले कोन सांगन?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी इंजिनिअर शाळेत गेला. मीही गेलो होतो, मागे उभा होतो. सगळ्या वर्गांसमोर तो म्हणाला की चोरी मी केली होती, या मुलीच्या बाबांनी नाही, आणि तुम्ही जिला नावं ठेवलीत तिच्या पणजोबांमुळे या शाळेत पहिल्यांदा मुली आल्या, माझी आई त्यातलीच. ती मुलगी रांगेत ताठ उभी होती. शाळा सुटल्यावर भाजीवाला स्वतःहून इंजिनिअरकडे आला आणि घरी चहाला चला म्हणाला.

फिर्यादीने आपली तक्रार उरली नसल्याचा जबाब दिला, ग्रामपंचायतीने ठराव केला, आणि गुन्हा गैरसमजातून घडल्याचा अंतिम अहवाल मी न्यायालयात पाठवला. तो मंजूर झाला आणि पुतळा सुपूर्दनाम्यावर ग्रामपंचायतीला परत मिळाला. तो त्याच चबुतऱ्यावर बसला, पण त्याच्याखाली आता त्या बंडीवाल्याचे नाव कोरले गेले. शेजारी सरपंचांचा खरा चेहरा बसला. चबुतरा वाढवायचाच होता, तेव्हा त्याला लागून भाजी विकणाऱ्या बायकांसाठी ओटेही झाले. ओट्यांचा आराखडा इंजिनिअरने काढून दिला.

नावाचा दगड बसला त्या दिवशी नदीपलीकडच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या. कोणी नागपूरहून, कोणी अमरावतीहून, नातवंडांचा हात धरून. चौकात त्यांच्या गप्पा थांबेनात. गाव त्यांचे ऐकत उभे होते, कारण गावाला स्वतःची ती गोष्ट नवीन होती.

या केसने मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली धंद्यातली. घटनास्थळ आधी नीट पाहा, गर्दीचे नंतर ऐका. गर्दी नाव सांगते, घटनास्थळ माणसाचे मन सांगते. दुसरी गोष्ट समजायला मला वेळ लागला. राज्य नवीन असते तेव्हा ते कोणी घडवले म्हणून आपण कागदावर सह्या करणाऱ्यांची नावे सांगतो, आणि ती सांगितलीच पाहिजेत. पण सही झालेली शाळा आणि मुलींनी भरलेली शाळा यांच्यामध्ये कोणीतरी रोज नदी ओलांडलेली असते.

नोकरीभर मी तपासाच्या शेवटी माणसांची नावे शोधली, आणि ती बहुतेक आरोपपत्रात गेली. त्या एका तपासात सापडलेले नाव दगडावर गेले. त्या बाजूला गेलो की मी गाडी थांबवून ते वाचतो.