हापशाच्या पेटंटला वकील

बाररूममध्ये किस्से आपोआप साचतात. पक्षकार घरी जातो, किस्सा आम्हा वकिलांकडे राहतो! उस्मानाबादमधून निघून लातूर नवा जिल्हा झाला, त्या दुष्काळी दिवसांतले माझ्याकडचे किस्से मात्र एकाच माणसाचे आहेत. उदगीरचे लतीफ मिस्त्री. सांगताना आधी हसू येतं, मग वाईट वाटतं.

पाणी खोल गेलं, हापसा दोन बायकांना मिळूनही ओढेना. हापसून हापसून मिस्त्रींच्या बायकोची कंबर गेली. मग त्यांनी नवा दांडा बनवला, म्हातारीलाही सहज ओढता येईल असा. कुणीतरी म्हणालं, "पेटंट घ्या, न्हाई तर कंपनीवाले उचलतील!" म्हणून ते वकील शोधत आमच्याकडे आले. मी तेव्हा ज्युनिअर होतो.

*

आमच्या सीनियरनी चष्मा लावला. "प्रतिवादी कोण?"

"कोणीच न्हाई, वकीलसाब."

"भांडण कुणाशी?"

"कुणाशीच न्हाई."

"मग केस कशी होणार?" फाइल बंद!

*

दुसऱ्या एका वकिलांनी फिरकी घेतली. "पेटंटचं खातं अजून उस्मानाबादहून आलं नाही. फर्निचर यायचंय!"

मिस्त्री दर सोमवारी येऊन विचारायचे, "आलं का फर्निचर?" चौथ्या सोमवारी आमचं हसू बंद झालं.

*

एकदा त्यांनी बाररूमच्या फरशीवरच खडूनं हापशाचं चित्र काढलं. फरशी पुसायला पाणी कुठलं? महिनाभर ते तसंच राहिलं. सगळे वकील त्याला वळसा घालून जायचे, पण अर्ज लिहायला एकही बसला नाही. मीही नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

*

शेवटी नांदेडला पेटंट खरंच कळणारे एक वकील सापडले. मी मिस्त्रींना घेऊन एसटीनं गेलो. वकील खूश! "फक्कड काम आहे. अजून कुणाला दिलं नाही ना?"

"अकरा गावांत बसवून दिला की, साब."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "अहो, अर्जाआधी लोकांच्या वापरात आलं तर पेटंट मिळत नाही!"

"लोकं पाण्यासाठी मरून राहिले. झाकून ठेवू का?"

*

वकिलांनीच मग वाट काढली. चाचणीला कायद्यात सूट होती. तेव्हा गावकऱ्यांनी लिहून द्यायचं, की ही नुसती चाचणी होती, हापसा चालला नाही, पाणी आलंच नाही.

कागद घेऊन आम्ही दोघं पहिल्या गावात गेलो. हापशाजवळ बसलेल्या एका म्हातारीला मी मजकूर वाचून दाखवला.

"खोटं हाय की!" ती म्हणाली. मग हात पुढे केला. "पर लतीफसाठी देते. आन इकडं."

तिच्यामागे पंधरा बायकांनी अंगठे उठवले. एकीनंही काही विचारलं नाही.

मग शाई धुवायला सगळ्या हापशाकडे वळल्या. म्हातारीनं दांडा दाबला. भळाभळा पाणी आलं.

मिस्त्री बघत राहिले. मग त्यांनी माझ्या हातातला कागद मागून घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला वकीलसाब घरला, एसटी चुकंल."