तळहाताएवढा समुद्र

अप्पांचा काचबिंदू उशिरा सापडला. लातूरच्या डॉक्टरांनी कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या आत एक लहान काढलं आणि म्हणाले, "सध्या एवढंच दिसतंय. बाजूचं गेलं ते परत येणार नाही. मधलंही हळूहळू जाईल." अप्पांनी कागद डोळ्यांसमोर धरला. "चित्र बरं काढता," म्हणाले. बाहेर येऊन चप्पल शोधता शोधता त्यांनी मला सांगितलं, की समुद्र तेवढा बघायचा राहिलाय.

उदगीरच्या माणसाला समुद्र म्हटलं की मुंबई आठवते, फार तर कोकण. अप्पांना मात्र आंध्रातला हवा होता, कारण नांदेडची गोदावरी तिकडं जाते. "आपलं पाणी जातं कुठं ते तरी बघू," म्हणाले. ते आपलं कधी होतं, हा प्रश्न मी विचारला नाही. गाडी मीच चालवणार होते आणि वाद घालायला रस्ता लांब होता.

आईची एकच अट होती, किनवटवरून जायचं. किनवटच्या पुढं जंगलात गरम पाण्याची कुंडं आहेत. त्या पाण्यानं कातडीचे रोग जातात, असं म्हणतात. आईच्या हिशेबात डोळे कातडीच्या शेजारीच होते. शिवाय तिनं डिकीत पिण्याच्या पाण्याचे जार ठेवले.

"आई, आपण समुद्राला चाललोय."

"म्हणूनच की. ते पिता येतंय का?"

भोकर सोडल्यावर सागाचं जंगल सुरू झालं. अप्पा पुढच्या सीटवर ताठ बसले होते. "अहो, डावीकडं मोर!" आई मागून ओरडली. अप्पांनी मान वळवेपर्यंत मोर गेला होता. मग माकडं आली, ओढा आला, लाल पळस आला. आई सांगत राहिली, अप्पा मान वळवत राहिले. शेवटी ते म्हणाले, "तू आधी बघून घे. जे उभं राहील ते मला सांग."

कुंडाच्या वाटेवर कमान होती. तिच्यावर हसणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे एवढे मोठे होते, की कुंडाचं नाव एका कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. पलीकडं पर्यटन विकासाची कोनशिला होती आणि तिच्यामागं झुडपं. कोनशिलेवर एक शेळी उभी होती. विकास कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, हे बघून बरं वाटलं.

पाण्यावर वाफ होती आणि गंधकाचा वास. आईनं तांब्यात पाणी घेऊन निववलं. अंघोळ करताना अप्पांनी ते डोळ्यांवर मारून घेतलं, बाजारातून आणलेलं औषध घ्यावं तसं, निमूट. मग ते काठावर पूजेला बसले. आम्ही लिंगायत, इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय अप्पा पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांनी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, हात डोळ्यांसमोर धरला आणि बघत बसले. डॉक्टरांचं ते लहान वर्तुळ मला आठवलं. तळहात त्यात बरोबर मावत होता. जगातली एवढी एकच गोष्ट त्यांना अजून सबंध दिसत होती. त्या दिवशी पूजा लांबली.

ते उठल्याबरोबर आईनं त्यांच्या नाकासमोर बोटं धरली.

"किती?"

"तीन."

"आता?"

"दोन."

"बघ गं!" आई माझ्याकडं वळली. तिचे डोळे भरले होते. "फरक पडून राहिलाय!"

समोरचं त्यांना कालही दिसत होतं. बाजूला बोटं धरून बघ, असं मी तिला सांगू शकले असते. मी अप्पांकडं पाहिलं. "हाव, लई फरक हाय," ते म्हणाले आणि शर्ट उलटा घातला. आईनं एक कॅन भरून घेतला.

त्यानंतर तेलंगण आलं, पाट्या वाचता येईनात, भात लाल तिखट झाला. आई प्रत्येक मुक्कामी त्या कॅनमधलं पाणी अप्पांच्या डोळ्यांना लावत होती आणि बोटं विचारत होती. उत्तर प्रत्येक वेळी बरोबर यायचं.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन होतं. मी अप्पांना हाताला धरून वाळूतून नेलं. समुद्र दोन्ही बाजूंना संपतच नव्हता. अप्पा समोर बघत राहिले. मग मान डावीकडं नेली, सावकाश उजवीकडं आणली, परत डावीकडं. आपल्या कापडाच्या दुकानात तागा उलगडून तपासताना बघायचे तसं. पण हा तागा उलगडून संपेना.

"दिसून राहिलाय का?" आईनं विचारलं.

"दिसतोय की."

"केवढा हाय!"

"हाव."

लाट पायांवर आली तेव्हा ते दचकले. खाली वाकून त्यांनी डाव्या तळहातात पाणी घेतलं आणि पूजेत धरतात तसा हात डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ बघत होते. पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं. मग हात धोतराला पुसला.

"चला," म्हणाले.

गाडीपाशी आईनं जार काढून त्यांचे हातपाय धुतले. मी पुढचं दार उघडलं. अप्पा दार चाचपत मागं गेले आणि मागच्या सीटवर बसले. "पुढं तू बस," आईला म्हणाले. "तुला दिसतं."

आई पुढं बसली. "जाताना कुंडावरून अजून एक कॅन भरून घेऊ," ती मला म्हणाली. "एकानं एवढा गुण आलाय."

मी हो म्हटलं. मग गाडी सुरू केली.