भिंतीतलं दूरदर्शन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका भिंतीवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा झाला नसेल. साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातून निवृत्त होऊन ते आमच्या अपार्टमेंटात राहायला आले, तेव्हा दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. बिल्डरने मिरवायला म्हणून खोलीखोलीत कॉम्प्युटरच्या नेटवर्कची सॉकेटं बसवली होती आणि आठ फ्लॅटांत मिळून कॉम्प्युटर एकही नव्हता. आम्ही त्या भोकांवर कॅलेंडरं टांगली. आमच्या या शेजाऱ्यांना मात्र रिकामं सॉकेट बघवत नसे. कुणाकडेही गेले की चहाआधी गुडघे टेकून आत डोकावायचे. एकदा ते आणि मी गडमुडशिंगीला सांत्वनाला गेलो होतो. नवं बांधलेलं घर, सगळे माना खाली घालून बसलेले. यांनी गेलेल्या गृहस्थांच्या थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "पावणं, ह्या डबीतली वायर कुठं निघत्या?" तो बिचारा रडायचा थांबला.

केबलवाल्याची काळी वायर खिडकीतून आत घेणं म्हणजे त्यांच्या मते पुढचं दार सोडून मोरीतून घरात शिरणं. टीव्ही भिंतीतूनच आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. मग गच्चीवर अँटेना चढली. तिथून वायर त्यांच्या घरात, तिथून भिंतीतल्या पायपातून खाली जिन्याखालच्या पेटीत आणि पेटीतून सगळ्यांच्या सॉकेटांत. नेटवर्कच्या वायरीत केसासारख्या आठ तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पीळ घालून. यांना त्यात संसार दिसायचा. "जोडपी हाईत ती. दुसऱ्याच्या बायकूशी गाठ मारली की चित्राला मुंग्या येत्यात," असं ते वहिनींसमोर, म्हणजे स्वतःच्या बायकोसमोर सांगायचे. त्या म्हणायच्या, "आपल्या जोडप्याकडं बगा जरा. दळण कवाधरनं पडलंय." या बारीक तारा टीव्हीला जोडता याव्यात म्हणून जुन्या रेडिओतल्या कड्यांवर तार गुंडाळून ते टीव्हीमागे लावायचे छोटे डबे करत. चार महिने खपले, आणि एका रविवारी आठही घरांत भिंतीतून दूरदर्शन आलं. तळमजल्यावरचे अण्णा चिकित्सक माणूस. त्यांनीही सॉकेटाला हळदकुंकू वाहिलं. त्यानंतर आमचे शेजारी जिना उतरायचे ते एखाद्या सरपंचासारखे. "माझा जॉइंट एकबी सुटायचा न्हाय," हे दिवसातून एकदा तरी ऐकू यायचं.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. भिंतीत वायरी आहेत, कुणीही विचारल्याशिवाय खिळा मारू नये, अशी नोटीस त्यांच्या सांगण्यावरून मी माझ्या सहीने फळ्यावर लावली होती. आता जे लिहितोय ते लिहायला मी फार उशीर केला आहे.

क्रिकेटची फायनल होती. एक डाव संपला आणि मधल्या वेळात माझ्या बायकोने माझ्या ऑफिसातल्या निरोप समारंभाचा फोटो माझ्यापुढे धरला. म्हणाली, बसलाच आहात तर लावून टाका. मी हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला. तिसऱ्या घावाला तो एकदम आत गेला, पोकळीत जावा तसा. मी फोटो लावला. दुसरा डाव सुरू झाला तेव्हा टीव्हीवर नुसत्या मुंग्या होत्या. माझ्याच नव्हे, सगळ्यांच्या. वरच्यांचा तेवढा चालू, कारण अँटेनाची वायर आधी त्यांच्या घरात यायची आणि मग माझ्या भिंतीतून खाली पेटीत जायची.

सगळी बिल्डिंग त्यांच्या दारात. अण्णा म्हणाले, "सवताचा तेवढा चालू ठेवलायसा व्हय? आमी काय भिंती बघत बसायच्या?" आमचे शेजारी पक्कड घेऊन जिन्यावरून वर-खाली धावत होते. माझ्या घरीही आले, सॉकेट उघडून पाहिलं. फोटोकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. मी त्यांना बॅटरी धरून उजेड दाखवत उभा होतो.

संध्याकाळी मीटिंग झाली. कुणी काही म्हणायच्या आतच ते म्हणाले, "माझाच जॉइंट सुटला असंल. हात पैल्यासारखा ऱ्हायला न्हाय." यापुढे त्यांनी सॉकेटांना हात लावू नये असा ठराव झाला, आणि तो मीच सुवाच्य अक्षरात लिहिला. पुढच्या आठवड्यात काळ्या वायरी खिडक्यांतून आत आल्या. यांनी वायरींच्या जॉइंटला डाग देण्याची इस्त्री भंगारवाल्याला देऊन टाकली. घरातला बल्ब गेला तरी वायरमनला बोलवायचे. वहिनी म्हणायच्या, अहो, बल्बच आहे; ते म्हणायचे, "नगं. माझ्या हाताचा भरोसा न्हाय." दोन वर्षांनी दोघं नेसरीकडे गावी निघून गेले.

परवा मी त्यांना फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडून पहिला प्रश्न आला, "खिळा किती इंची मारलासा?"

"दोन इंची."

"मग पायपातच गेला. शॉर्ट." मग, "म्हंजे माझा जॉइंट सुटला नव्हता?"

"नव्हता."

"एकबी?"

"एकही नाही."

त्यांनी फोन हातात धरूनच आत हाक मारली, "अगं, ऐकलंस का? तवा माझा हात चांगला हुता." वहिनी काय म्हणाल्या ते कळलं नाही. मग ते पुन्हा फोनवर आले. "सेक्रेटरी, जरा आदी सांगायचं की."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.