खालून वर वाचणाऱ्या बाई

"बघितलं म्हणू नकोस. वाचलं का ते सांग."

असं म्हणून बाई उजव्या हाताचं पहिलं बोट कागदाच्या अगदी शेवटच्या ओळीवर ठेवायच्या. मग ते बोट एकेक ओळ वर चढायचं. "वरून वाचलं की डोळ्याला पुढचं आधीच ठाऊक असतं. तो वाचत नाही, आठवतो. खालून वर ये, म्हणजे त्याला काम करावं लागेल."

लग्नपत्रिकाही त्या अशाच वाचायच्या. 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं' इथून सुरुवात. नवरा-नवरीपर्यंत पोचायला त्यांना पाच मिनिटं लागत. स्टाफरूममध्ये कोणी पेढ्यासोबत पत्रिका दिली, की पेढा तसाच राही आणि बाई म्हणत, "मंगल कार्यालयाचा पत्ता नाही यात. लोकांनी जेवायला कुठे जायचं?" तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. अशा माणसांचा आपल्याला वैताग येतो. ती गेल्यावर आपल्या कागदांवरच्या चुका कोणी सांगत नाही.

मी त्यांना बाई म्हणत असे. मुलं मॅम म्हणत. पुण्याबाहेर मांजरी गावाच्या बाजूला आमचं विद्यापीठ, स्टुडिओच्या खिडकीतून ऊस दिसायचा आणि उसामागे दरवर्षी एखादी नवी इमारत. मी तिथे ग्राफिक डिझाइनचा विभागप्रमुख होतो. बाईंनी पंधरा वर्षं छापखान्यात काढली होती. वडील विदर्भातून कारखान्यात नोकरीला आले, येरवड्यात घर केलं. मुलगी डिप्लोमा करून छापखान्यात लागली. तिथून मीच त्यांना आणलं, वर्षावर्षाच्या करारावर. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीसाठी तयार करायचं, हे त्यांचं काम.

आम्ही बाकीचे मुलांना रंग, अक्षरं आणि मोठमोठे विचार शिकवायचो. बाई त्यांना छापखान्यात फोन लावायला शिकवायच्या. "आवडलं" हा शब्द त्यांच्या वर्गात बंद होता. एकदा त्यांनी सगळ्या वर्गाला मंडईत नेलं आणि एकेका भाजीवालीसाठी पाटी करायला लावली. प्रणालीची पाटी सगळ्यांत देखणी होती. मुळ्याची पानं अशी काढली होती की हात लावावासा वाटावा. भाजीवालीने ती उलटसुलट करून पाहिली.

"पोरी, छान हाय दिसायला. पर भाव कुठं लिवू मी?"

बाईंनी तिथल्या तिथे वहीत शून्य मांडलं. प्रणालीचे डोळे भरले. "माझ्याकडे बघू नकोस," बाई म्हणाल्या. "मार्क त्यांनी दिलेत." मग तिला घेऊन समोर चहा प्यायला गेल्या, आणि पुढच्या आठवड्यात ती पाटी, भाव खडूने लिहायला काळी जागा ठेवून, मंडईत लागली. प्रणाली इंदापूरकडची. वडील शाळेत शिपाई. बाईंचा तिच्यावर जीव होता, म्हणजे तिला सगळ्यांत जास्त कागद परत मिळत.

चूक त्या कधी दाखवायच्या नाहीत. "एक चूक आहे. शोध," एवढं बोलून खिडकीशी जायच्या आणि उसाकडे बघत उभ्या राहायच्या. मूल स्वतः बोलेपर्यंत मागे वळत नसत. सापडली, की छपाईआधीच्या शेवटच्या कागदावर, प्रूफवर, त्याच्याकडूनच सही घ्यायच्या. "सही केलीस ना? आता हा कागद तुझा. बरोबर असेल तरी तुझा, चुकला तरी तुझा. नोकरीत दुसरं काही शिकायचं नसतं."

मी त्यांच्या या पद्धतीचं सभांमधून कौतुक करत असे.

दरवर्षी आम्ही मुलांच्या कामाचा कॅटलॉग छापून कंपन्यांना पाठवायचो. प्रत्येकाला एक पान आणि अगदी शेवटी संपर्काचं पान, डावीकडे नावं, उजवीकडे फोन नंबर. फोन त्यावरूनच येत, नोकऱ्याही त्यावरूनच. समन्वयक बाई. त्या वर्षी त्यांनी पूर्ण प्रूफ खालून वर वाचलं, सही केली आणि आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "सर, आता एक अक्षरही हललं तर मला फोन करा. मी येऊन वाचते."

दुसऱ्याच दिवशी कार्यालयातून निरोप आला. एका मुलाची हजेरी भरत नव्हती, त्याचं नाव काढायचं होतं. मी शनिवार पेठेतल्या छापखान्यात गेलो. मॅनेजर म्हणाला, "साहेब, मशीन आज मोकळं आहे. उद्यापासून पत्रिकांची कामं. मग पंधरा दिवस विसरा." मी बाईंना फोन केला नाही. एका नावासाठी कशाला, असं वाटलं. खरं सांगायचं तर, विभागप्रमुख मी आणि परवानगी त्यांची, हे मला खुपायचं. ऑपरेटरने त्या मुलाचं पान काढलं, शेवटच्या पानावरचं नाव काढलं, नवीन प्रूफ दिलं. मी वरच्या चारपाच ओळी पाहिल्या. ठीक होत्या. खाली सही केली, तारीख घातली आणि समोर भजी खाल्ली.

डावीकडचं नाव निघालं होतं, उजवीकडचा नंबर तसाच राहिला होता. त्यामुळे त्या मुलाखालची सगळी नावं एक ओळ वर सरकली आणि सतरा मुलांसमोर दुसऱ्याचाच नंबर आला. यादीत त्या मुलाच्या लगेच खाली प्रणाली होती. तिच्या नावापुढे त्याचा नंबर. विद्यापीठावर आधीच चिडलेला तो मुलगा. तिच्यासाठी फोन आला की तो "राँग नंबर" म्हणून ठेवून देई. बाकीच्यांना एकमेकांसाठीचे फोन आले, ते कंपनीचीच गडबड समजून त्यांनी पोचते केले. त्याला तरी काय बोलावं?

बाई रजेवरून आल्या तेव्हा प्रती रवाना झाल्या होत्या, आणि एकदा सही केलेलं त्या पुन्हा उघडत नसत. दोन महिने प्रणाली हातात फोन घेऊन बसायची. जेवताना तो ताटाशेजारी पालथा ठेवायची, सुलटा ठेवला की वाजत नाही म्हणे. मी तिला कँटीनमध्ये पाहायचो आणि म्हणायचो, "येईल गं फोन, धीर धर." एके दिवशी एका कंपनीचं पत्र आलं. तुमच्या विद्यार्थिनीच्या नंबरवर आम्हाला तीन वेळा राँग नंबर सांगितलं गेलं, काम सुंदर होतं, आम्ही दुसऱ्या कोणाला घेतलं. तेव्हा मुलांनी कॅटलॉग काढून आपापले नंबर तपासले.

स्टुडिओबाहेरच्या जिन्यात मुलांनी बाईंना गाठलं. मी शेजारी उभा होतो. प्रणाली पुढे आली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मॅम, सिरियसली? एका स्वल्पविरामासाठी शीट परत करायला लावायचात. वाचा, वाचा, वाचा. आणि आमच्याच वेळेला तुम्ही नाही वाचलंत?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शेवटचं प्रूफ कोणी पास केलं, हे त्या सकाळीच छापखान्यातून विचारून आल्या होत्या. मुलांना उत्तर सापडायला जेवढा वेळ देत, तेवढा वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मी म्हणालो, "शांत व्हा, आपण चौकशी करू."

"बरोबर आहे तुझं," बाई प्रणालीला म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

चौकशी समिती बसली. तीन माणसं आणि मी. एकाने विचारलं, "अंतिम प्रूफ कोणाच्या जबाबदारीवर गेलं?" मी म्हणालो, "समन्वयक त्या होत्या." पाहा, वाक्य खरं आहे. खोटं बोललो असतो तर कधीतरी पकडला गेलो असतो. दुसरे म्हणाले, "ऐन वेळी रजा. काटेकोरपणा अंगात असावा लागतो हो, तो काही डिप्लोम्याने येत नाही." त्या 'अंगात'चा जातीवरचा रोख खोलीतल्या सगळ्यांना कळला. मलाही कळला. मी फाइलची नाडी बांधत राहिलो. माझ्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि नंतर सल्लागार म्हणून ठेवण्याचं बोलणं चाललं होतं. एवढंच होतं ते. याहून मोठं कारण असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं.

बाईंना आत बोलावलं. चूक मान्य आहे का, विचारलं.

"कॅटलॉग माझा होता," त्या म्हणाल्या. बस्स.

करार पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी त्या माझ्या केबिनमध्ये आल्या. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर पसरला. संपर्काच्या पानाचं प्रूफ. खाली माझी सही, तारीख.

माझ्या तोंडून निघालं, "बाई, हे तुमच्याकडे होतं? मग समितीला का नाही दाखवलंत?"

"सही तुमची आहे सर. मी कशी दाखवणार?"

आणि त्या खिडकीशी गेल्या. पाठ माझ्याकडे करून उसाकडे बघत उभ्या राहिल्या. मला ते उभं राहणं पाठ होतं. कुलसचिवांचं ऑफिस माझ्या केबिनपासून तीस पावलांवर. कागद उचलायचा आणि चालायला लागायचं. बाहेर कुठलासा ट्रॅक्टर गेला. मी पेपरवेट इकडचा तिकडे ठेवला.

बऱ्याच वेळाने त्या वळल्या. पहिल्यांदाच, मूल न बोलता.

"येते सर. बस चुकेल माझी."

बाई पुन्हा छापखान्यात लागल्या, औषधांच्या खोक्यांवरचा बारीक मजकूर तपासायला. मी सल्लागार झालो, दोन वर्षांनी तेही संपलं, आता वारज्यात मुलाकडे असतो. बाईंनी टेबलावर सोडलेलं ते प्रूफ बरोबर आणलं. सहा वर्षं ते कपाटात, विम्याच्या कागदांखाली.

सात महिन्यांपूर्वी बाई गेल्या. आजार लवकर समजला नाही म्हणाले. बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मला बोलायला उभं केलं. मी त्यांच्या काटेकोरपणाबद्दल बोललो. लग्नपत्रिकेची गोष्ट सांगितली, लोक हसले, त्यांची म्हातारी आईही हसली. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत होती. "पोरगी तुमचं नाव घ्यायची," ती मला म्हणाली. "सरांनी मला शिकवायला नेलं, म्हणायची."

प्रणाली मागच्या रांगेत होती. आता हिंजवडीत एका कंपनीत दुसऱ्यांच्या स्लाइड नीटनेटक्या करते. पाट्या, वेष्टनं, सगळं सुटलं. चपला घालताना माझ्याजवळ आली.

"सर, एक विचारू? मी तेव्हा मॅमना जे बोलले ना, ते जात नाही डोक्यातून. त्यांनी खरंच वाचलं नव्हतं का?"

बाईंचा फोटो आत, आम्ही दारात. तिने मला तीच संधी पुन्हा दिली होती, तिला ठाऊक नसताना.

"होतं गं असं एखाद्या वेळी," मी म्हणालो. "माणूसच ते."

तिने मान हलवली आणि रिक्षात बसली. त्या दिवशी मी बाईंवर दुसऱ्यांदा सही केली.

म्हणून हे लिहिलं. छापून आलं की पहिला अंक प्रणालीला जाईल, सोबत ते मूळ प्रूफ. विद्यापीठालाही एक प्रत. बाईंच्या आईला मी स्वतः जाऊन वाचून दाखवणार आहे. तिने दारातून परत पाठवलं तर परत येईन. बाईंना यातलं काहीही पोचणार नाही, हे मला कळतं.

पाठवण्याआधी आज तो कागद टेबलावर घेतला. घडीवर थोडा फाटलाय. एवढ्या वर्षांत मी तो कधी वाचला नव्हता, नुसता बघितला होता. म्हटलं, निदान एकदा त्यांच्या पद्धतीने वाचावा. बोट अगदी तळाशी ठेवलं.

खालून सुरुवात केली की पहिली माझी सहीच येते. बोट तिथून वर चढेना.