खरं का डोक्यातलं?

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्या डॉक्टर मॅडमच्या हाताखाली शिकलो त्यांना तर नाहीच. आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तो दर महिन्याला माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसतो. हाताला रबरी पट्टा बांधून मी त्याचं रक्त काढतो, आणि तो मला घरच्या शेवंतीबद्दल सांगत राहतो. तरीही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हीसुद्धा पळवाटच?

मी नर्स आहे. पुरुष नर्सला आमच्याकडे ब्रदर म्हणतात. गाव हिवरखेड, शिक्षण तिथल्याच शाळेत, डिग्री अमरावतीची, नोकरी अकोल्यात, मनोरुग्णांच्या वॉर्डात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. निकाल लागला तेव्हा विहारात माझा सत्कार झाला, आई पहिल्या रांगेत बसली होती. माझं जे काही आहे ते त्या लोकांचं आहे, हे मी कधी विसरलो नाही. पण त्याच सत्कारानंतर घरी येताना शेजारचे एक काका हसत म्हणाले होते, "एवढं शिकला अन् आता लोकायचं हागणं-मुतणं काढशीन का रे?" सगळे हसले. मीही हसलो. आईनं पदर नीट केला आणि ती पुढे चालायला लागली.

ते वाक्य लहान आहे ना? मलाही तेव्हा लहानच वाटलं. पण मानसोपचाराची शाखा मी निवडली त्यात त्या वाक्याचा हात होता. वाटलं, इथे मनाचं काम. इथे बोलायचं, समजून घ्यायचं, धीर द्यायचा. बेडपॅन नाही.

आता दिगंबरभाऊंबद्दल.

दर्यापूरकडच्या एका गावातला माणूस, तेव्हा चाळिशीचा. घरी फुलांची आणि भाजीची शेती. लग्न झालेलं नाही, मोठी बहीण विमलबाई हीच त्याची आई आणि हीच त्याची मालकीण. वॉर्डात आणला तेव्हा तो आठ दिवस जेवला नव्हता. माझ्या पोटात कोणीतरी तार सोडली आहे, जेवलो की ती तापते, असं तो म्हणायचा. स्किझोफ्रेनिया. दोन-तीन औषधं करून झाली, उपयोग झाला नाही, मग मॅडमनी त्याला शेवटची म्हणून ठेवतात ती गोळी सुरू केली. ती गोळी खरंच माणसं परत आणते, मी पाहिलं आहे. पण तिचे दोन जाच आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून वरचेवर रक्त तपासायचं. आणि आतडी सुस्तावतात. पोट इतकं बांधलं जातं की वेळेवर कळलं नाही तर जीव जातो. म्हणून त्या गोळीवरच्या प्रत्येक पेशंटला रोज विचारायचं — मोशन झाली का? — आणि तक्त्यात होय किंवा नाही लिहायचं. एवढंच काम.

गोळी लागू पडली. तार गेली. माणूस हळूहळू वर आला, आणि वर आला तो माझा हात धरून, हे मला सांगायलाच हवं. कारण मी त्याला एक युक्ती शिकवली होती. काही दिसलं, ऐकू आलं, शंका आली, की एकट्यानं कुढत बसायचं नाही. भरवशाच्या माणसाला विचारायचं — हे खरं का डोक्यातलं? तो माणूस सांगेल ते धरून चालायचं.

त्याचा भरवशाचा माणूस मी होतो.

सुरुवातीला तो कुजबुजत विचारायचा. "ब्रदर, तो कोपऱ्यातला पंखा माह्यं नाव घेऊन राह्यला. खरं का डोक्यातलं?" मी म्हणायचो, डोक्यातलं, आणि तो मान हलवून कूस बदलायचा. पुढे पुढे त्याची गंमत सुरू झाली. जेवणाच्या वेळी ताटातल्या वरणात बोट बुडवून मला हाक मारायचा, "ब्रदर, ही दाय हाये का मले फकत दिसून राह्यली?" सगळा वॉर्ड हसायचा. विमलबाई मंगळवारी जीपनं, बसनं यायची, तिलाही तो सोडायचा नाही. "बाई, तू एवढी गोड बोलून राह्यली, हे नक्की डोक्यातलं हाये." ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची. मग माझ्याकडे वळून म्हणायची, "घरी आला का दर्यापूरच्या बाजारात फुलायचं दुकान याच्याच हाती देतो. बसू दे एकट्याले." तो ऐकत नाही असं दाखवायचा, पण ऐकायचा. 'एकट्याले' हा शब्द तर तो दोनदा ऐकायचा असं मला वाटतं.

मी सांगायचं टाळतो आहे, नाही का?

चार दिवस माझी सलग सकाळची ड्युटी होती. गोळ्या, बीपी, नाश्ता, राउंड. दोन वाजता पुढच्या पाळीला चार्ज देण्याआधी तक्ता भरायचा. तो कसा भरायचो, ते ऐका. टेबलाशी बसून मोशनच्या रकान्यात वरून खालपर्यंत — होय, होय, होय, होय. एका बैठकीत. न विचारता. बाकीचेही असंच करायचे — नाही, हे खोडतो. बाकीच्यांचं मला माहीत नाही. मी करायचो. बीपी मी मन लावून घ्यायचो, गप्पा तासभर मारायचो, पण मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर ते विचारताना मला कमीपणा वाटायचा. काकांचं हसणं ऐकू यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दिगंबरभाऊ टेबलाशी आला. नाश्ता तसाच ठेवून आला होता. दोन्ही हात पोटावर. म्हणाला, "ब्रदर, पोट गच्च झालं. आतून पिळून राह्यलं." मी राउंडची तयारी करत होतो. मग त्यानं अगदी शिकवल्याप्रमाणे विचारलं, "खरं का डोक्यातलं?"

मी त्याच्या पोटाला हात लावला नाही. तक्ता उघडला नाही. मला तार आठवली, आणि मी जुना, हुशार नर्स असल्यासारखा हसलो. म्हणालो, "डोक्यातलं, भाऊ. तार गेली ना आता? जा, पोहे खा."

तो गेला. पोहे खाल्ले. मी सांगितलं म्हणून खाल्ले. नंतर परत विचारायला आला नाही. उत्तर मिळालं होतं ना त्याला. त्या दिवशीही मी होय लिहिलं, आणि राउंडच्या नोंदीत एक ओळ जास्तीची: पोटाविषयीचा भ्रम पुन्हा किंचित.

चौथ्या दिवशी चार्ज देऊन मी घरी गेलो. संध्याकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. सर्जरीवाल्यांनी तातडीनं पोट उघडलं. आतडं एका जागी फुटलं होतं, तेवढा भाग काढला, शौचासाठी पोटावर पिशवी लावली. तो वाचला. कितीतरी दिवस वाचेल असं कोणी म्हणत नव्हतं, पण वाचला.

इथपर्यंतचं पाप निष्काळजीपणाचं म्हणता आलं असतं. मी इथे थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. समोर तक्ता. त्या रागावलेल्या नव्हत्या, गोंधळलेल्या होत्या. "चारही दिवस होय आहे. तुम्ही विचारत होता ना?"

एक क्षण होता. त्यात काय काय मावलं — नोकरी, विहार, आईचा पदर. पण ते आता मोजून उपयोग काय? मी म्हणालो, "हो मॅडम. रोज. ते हो म्हणायचे."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? एका बाजूला डिग्रीवाला ब्रदर, दुसऱ्या बाजूला वेडा माणूस. त्याच्या वेडाच्या आड मी जाऊन उभा राहिलो, आणि तिथे कोणाला मी दिसलो नाही.

त्याला मात्र दिसलो. शुद्धीवर आल्यावर त्यानं विमलबाईला सांगितलं, मले कोणी काही विचारलंच नाही. ती माझ्याकडे आली नाही, रागावली नाही. तिला तो भ्रम वाटला. मी त्याला बघायला सर्जरीच्या वॉर्डात गेलो तेव्हा ती उशाशी होती. तो फार बारीक आवाजात म्हणाला, "ब्रदर, मॅडम म्हणते तुमी रोज विचारत होते अन् मीच हो म्हणत होतो. मले तर काहीच आठवत नाही." मग नेहमीसारखं, "खरं का डोक्यातलं?"

तो चिडून विचारत नव्हता. टोमणाही नव्हता. मी शिकवलेली युक्ती तो वापरत होता. विमलबाई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "विचारलं होतं, भाऊ. तुम्ही हो म्हणाले होते."

त्यानं मान हलवली. पंख्याच्या वेळी हलवायचा तशीच. "म्हणजे डोकं अजून जाग्यावर नाही माह्यं," तो बहिणीला म्हणाला. "तू म्हणत होती तेच खरं."

पुढे पिशवी निघाली, आतडं जोडलं, गोळी कमी करून पोट साफ होण्याचं औषध सोबत दिलं. तो घरी गेला. पण त्याच्या केसपेपरवर मॅडमच्या अक्षरात एक ओळ आली, लाल पेनानं: रुग्णाच्या सांगण्यावर विसंबू नये, नातेवाइकांना विचारावे. तो केसपेपर बदलला, जुना झाला, नवा लावला. दर वेळी ती ओळ पुढे उतरली. दोनदा ती मीच उतरवली आहे.

दर्यापूरच्या बाजारातलं दुकान विमलबाई स्वतः चालवते. तो घरी हार ओवतो. एकट्यानं कुठे जात नाही.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मी आता इन्चार्ज आहे. नव्या मुलांना तक्ता कसा भरायचा ते शिकवतो, कडक शिकवतो, ते मला भितात. मी चांगला नर्स आहे असं सगळे म्हणतात. विमलबाईही म्हणते. दिवाळीत माझ्यासाठी शेवंतीची पिशवी आणते, आणि मी ती घेतो.

गेल्या महिन्यात ते दोघं आले. रक्त काढून झाल्यावर मी विचारलं, "दिगंबरभाऊ, मोशन रोज होते का?" त्यानं शर्टाची बाही खाली ओढली आणि बहिणीकडे बोट केलं. "बाईले विचारा ब्रदर. मी काहीबी सांगतो."

"होते, रोज होते," विमलबाई म्हणाली.

मी होय लिहिलं.

त्या चार दिवसांत मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. त्याचं पोट खरंच पिळत होतं, आणि त्याला जे आठवत होतं ते खरं होतं. हे मी इथे लिहिलं आहे. त्याच्या केसपेपरवर अजून लाल ओळच आहे.