आत्याच्या अंगावरची नाइते

साखरेच्या आजारानं माझ्या चुलतबहिणीचा, नाइतेचा, डावा पाय गुडघ्याच्या वरून नेला. जीभ मात्र शाबूत ठेवली. "नाचताना गुडघे जुळलेले हवेत म्हणून जन्मभर बोलणी खाल्ली. आता एकच उरलाय, सुटायची भीतीच नाही!" आम्ही कामाला असलेल्या लॉन्ड्रीत बसून चादरींच्या घड्या घालता घालता ती असं काहीबाही बोलायची आणि आम्ही हसून हसून बेजार.

पण चर्चच्या निधीचा कार्यक्रम आला आणि पिसिला आत्यानं सांगून टाकलं, "यंदा घरातून दुसरी कुणीतरी नाचेल." आम्हा टोंगन लोकांत बापाच्या बहिणीपुढे कुणाचं काही चालत नाही. नाइते घरी येऊन ढसाढसा रडली, आणि मग हट्टालाच पेटली.

मांगेरे उपनगरातल्या आमच्या गॅरेजमध्ये मी फोनचा कॅमेरा धरून उभी, ती अंगाला खोबरेल चोपडून समोर. हात, खांदे, मान आणि तो अर्धा पायसुद्धा, लाजबीज न धरता. कॉम्प्युटरवर तिनं स्वतःचे तुकडे केले नि हवे तसे जोडले. बोटांतून खांदा उगवतोय, पायाच्या जागी दोन हात डोलतायत.

"यातली मी कुठली गं?"

"सगळ्याच आगाऊ," मी म्हटलं.

कार्यक्रमात प्रोजेक्टरनं व्हिडिओ भिंतीवर सोडला आणि हॉलला वेडच लागलं. नाचणारीच्या तेलकट अंगावर आम्ही नोटा चिकटवतो. सवयीनं लोक नोटा घेऊन भिंतीकडेच धावले! नोटा टपाटप खाली. कुणीतरी भिंतीला तेल फासलं. पाद्रीबुवा थांबवायला मध्ये आले, तर नाइतेचा गुडघा त्यांच्याच पोटावर नाचायला लागला. बायकांनी तिथेही नोटा थापल्या.

तेवढ्यात आत्या उठली. नाइतेनं माझं मनगट आवळलं. तिला दुसऱ्या कुणाची पर्वा नव्हती, आत्या काय म्हणते एवढंच हवं होतं.

आत्या सरळ प्रकाशात जाऊन उभी राहिली. भाचीचे भलेमोठे हात तिच्या हातांवर डोलायला लागले. तिनं तेल मागवलं, स्वतःच्या दंडांना चोळलं.

"बघत काय बसलात? माझी पोर नाचतेय. लावा नोटा!"

मग भिंतीकडे नाही, आमच्या खुर्च्यांकडे वळून ती खेकसली, "नाइते, मान तिरकी कर! किती वर्षं सांगतेय तुला!"

आणि नाइतेनं, डोळे पुसायचे सोडून, बसल्या जागी मान तिरकी केली.